नयी देखी का, भाऊ?

लोकसभेचा निकाल लागला ४ जून २०२४ ला आणि मी माझी लायसनची बंदूक पोलीस ठाण्यातून परत आणायला गेलो ते थेट महिन्याच्या शेवटी, कारण कापसाची लावणी चालू होती आणि पाऊस लागला म्हणजे आपल्याला दुसरं काही सुचत नाही. मार्चमध्ये आचारसंहिता लागली तेव्हा जमा केलेली, म्हणजे तीन महिने ती एका खोलीत भिंतीला टेकून उभी होती. ठाण्याचं नाव लिहीत नाही, तिथल्या हवालदारांनी नीटच वागवलं, पावती बघितली, नंबर जुळवला, सही घेतली आणि बंदूक हातात दिली. घरी आणली, ओट्यावर बसलो, सवयीप्रमाणे पुढचं लाकूड काढून नळ्या सुट्या केल्या आणि मागच्या बाजूनं आभाळाकडे धरून बघितलं. उजव्या नळीतून लिंबाचा शेंडा गोल दिसला, आतून नळी चकचकीत. डावीतून काहीच नाही, काळंकुट्ट.

गज घातला तर अर्ध्यातच अडला. जरा जोर लावला तसा कर्रकन आवाज आला आणि पुढून ओट्यावर सुकलेल्या मातीचे तुकडे पडले, गुळाच्या खड्याएवढे, आणि त्यात वाळून गेलेले बारीक कोळी, एकेका कप्प्यात पाच-सहा. कुंभारीण माशी. उन्हाळ्यात ती कुठलंही बोटभर भोक सोडत नाही, पाइप असो, कुलपाचं भोक असो, तशी तिनं नळीत शिरून घर बांधलं होतं. बंदूक आल्याबरोबर मी गच्चीवर जाऊन एक बार काढला असता तर? मागे दारूचा दाब आणि पुढे मातीचा बूच, दाबाला जायला जागा नाही म्हटल्यावर नळी फुगते नाहीतर फाटते, आणि ती फाटते तिथेच आपला डावा हात असतो. माझा मुलगा शेजारी बसून बघत होता. त्या रात्री मला झोप आली नाही खरं सांगतो.

म्हणून हे लिहायला घेतलंय. आम्ही चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला राहतो, केळी आणि कापूस, माझी दुनळी बारा बोअर वडिलांची, त्यांच्यामागे माझ्या नावावर झाली. आजूबाजूच्या पाच-सहा गावांत आम्ही दहा-बारा लायसनवाले आहोत आणि गेल्या काही वर्षांत आमचा एक रिवाज पडलाय, निवडणुकीनंतर बंदुका परत आल्या की एका संध्याकाळी कोणाच्यातरी ओट्यावर बसायचं, चहा घ्यायचा आणि एकमेकांच्या नळ्या बघायच्या. रिवाज पाडला आप्पांनी, पंच्याहत्तरी ओलांडलेला माणूस, अजून दोन डोंगर चालून जातो. ते कोणालाही भेटले की रामराम नंतर, पहिला प्रश्न हाच, "भाऊ, नयी देखी का?" म्हणजे नळी बघितली का. मातीची गोष्ट मी त्यांना सांगितली तर ते फक्त एवढंच बोलले, "पयले नयी देख, मंग काडतूस भर," आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

तर जमा करायला जाताना काय करायचं ते आधी सांगतो कारण विधानसभेला ऑक्टोबरमध्ये परत तेच झालं आणि पुढेही होतच राहणार. पहिली गोष्ट, सरसकट सगळ्यांच्या बंदुका उचला असा काही निवडणूक आयोगाचा नियम नाहीये, जिल्ह्यात स्क्रीनिंग कमिटी बसते आणि ती एकेकाचं बघून ठरवते, जामिनावर बाहेर असलेले, गुन्हे दाखल असलेले, मागच्या निवडणुकीत दंगलीत नाव आलेले, अशांची आधी. पण नोटीस आली तर वाद घालत बसू नका, ज्याला खरंच गरज आहे त्यानं लेखी अर्ज द्यावा, बाकीच्यांनी वेळेत जमा करावी, उगाच तालुक्याला चकरा आणि मनस्ताप. पावती घेताना मेक, नंबर, काडतुसं किती, दस्त्याला, म्हणजे मागच्या लाकडाला, कुठे चीर असेल तर तीही लिहून घ्या, मोबाइलमध्ये फोटो काढा. नळीच्या दोन्ही तोंडांना चिंधीचे बोळे घाला म्हणजे माशी शिरणार नाही, पण त्या बोळ्याला हातभर लाल फडकं बाहेर लोंबतं बांधा, नाहीतर माशीच्या जागी तुमचाच बोळा आत राहील आणि गत तीच होईल. निकालानंतर आठवडा झाला की लगेच परत द्यायच्या असतात, तेव्हा माझ्यासारखं महिनाभर पडू देऊ नका.

आणि तेल. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो आणि जुलैत भिंतींना ओल येते, दोन्ही टोकं बंदुकीला वाईट. घरात असलेलं खोबरेल नाहीतर गोडेतेल लावणारे मी बघितलेत, ते वाळून डिंक होतं आणि आतला खटका चिकटून बसतो. शिलाई मशीनचं पातळ तेल घ्या, चिंधीला दोन थेंब, बास. जास्त तेल लावून बंदूक दस्त्यावर उभी केली तर ते हळूहळू उतरून लाकडात मुरतं, दस्ता जिथे लोखंडाला मिळतो तिथलं लाकूड मऊ पडतं आणि मग चीर जाते. म्हणून तेल लावल्यावर एक रात्र तोंड खाली करून ठेवायची. कातड्याच्या किंवा कापडाच्या पिशवीत कायमची ठेवू नका, पिशवी ओल धरते, आमच्या एका शेजाऱ्याच्या नळीत खड्डे पडले ते पिशवीमुळेच. उन्हाळ्यात दस्ता कोरडा पडला तर आपलं जवसाचं तेल, कच्चं, हाताच्या तळव्यानं घासून घासून जिरवायचं, वडील दर शिमग्याला करायचे, ते लाकूड आजही गुळगुळीत आहे.

काडतुसांचं वेगळं. आपल्या जिल्ह्यात भुसावळला आणि वरणगावला दोन ऑर्डनन्स फॅक्टऱ्या, त्यामुळे बाहेरच्या पाहुण्यांना वाटतं तुम्हाला काय काडतुसं घरचीच, पण वरणगावला बनतात ती फौजेच्या रायफलची, आपली बारा बोअरची शक्तिमान येतात खडकीहून. महाग असतात म्हणून लोक दहा-पंधरा वर्षं जपून ठेवतात, पत्र्याच्या घरात माळ्यावर. पत्रा तापला की माळ्यावर भट्टी असते, तिथे काडतूस ठेवायचं नाही, आणि पावसाळ्यात फुगलेलं काडतूस उन्हात वाळवून वापरायचं तर अजिबातच नाही. चाप दाबला आणि बार निघाला नाही तर बंदूक लगेच उघडू नका, तोंड मोकळ्या बाजूला धरून अर्धा मिनिट थांबा, कधीकधी उशिरानं पेटतं. आणि बार निघाला पण आवाज फुस्स झाला तर दुसरा बार काढूच नका, काडतूस काढा, नळी बघा, आतलं बुचकुल, म्हणजे दारू आणि छर्रे यांच्यामधला बूच, नळीत अडकलेलं असू शकतं. हे आप्पांनी शिकवलं आणि माझ्यासमोर एकदा तसं खरंच झालं.

आता डुकरं. मका आणि भुईमूग लावणाऱ्याला रानडुक्कर काय चीज आहे ते सांगायला नको, एका रात्रीत अर्धा एकर लोळवतात. मला त्या माणसाचा राग समजतो, मी स्वतः सकाळी शेतात उभा राहून रडवेला झालोय. पण बंदुकीचं लायसन म्हणजे शिकारीचं लायसन नव्हे. १९७२ चा वन्यजीव कायदा वेगळा, १९५९ चा शस्त्र कायदा वेगळा, वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय डुक्कर असो नाहीतर नीलगाय, मारली की गुन्हा, बंदूकही गेली, लायसनही गेलं आणि वकिलाचा खर्च केळीच्या दोन वर्षांच्या उत्पन्नाएवढा. नुकसान झालं की त्याच दिवशी फोटो काढून वनरक्षकाला कळवा, पंचनामा करून घ्या, भरपाईचा अर्ज टाका. पैसे उशिरा येतात, कमी येतात, हे मान्य, तरी टाका, कारण कागदावर नुकसान दिसलं तरच परवानगीचं बोलता येतं.

बिबट्याचं तर त्याहून. २०१७ ला चाळीसगाव तालुक्यात गिरणाकाठच्या गावांत बिबट्यानं माणसं मारली होती तेव्हा आपल्याकडेही लोक घाबरले होते, केळीच्या बागेत बिबट्या दिसला की चार लायसनवाल्यांना फोन येतात, "या लवकर बंदूक घेऊन". जाऊ नका भो. पन्नास माणसं गोळा झालेली, आरडाओरडा, केळीच्या बागेत दहा फुटांवरचं दिसत नाही, तिथे एक छर्रा जरी कोणाला लागला तर काय करणार? वनखात्याला फोन करा आणि लोकांना लांब ठेवा, त्यासाठी बंदूक लागत नाही.

रात्रीची गोष्ट तर मी आमच्या सगळ्या पोरांना हात जोडून सांगतो. शेतीची लाइट बहुतेक रात्रीच येते. म्हणजे रात्री एक वाजता कोणीतरी मोटार चालू करायला, कोणीतरी पाणी भरायला, कोणाचा सालदार बॅटरी विझवून बांधावर बसलेला, रान कधी रिकामं नसतं. आवाज आला, पीक हललं म्हणून त्या दिशेनं बार काढायचा नाही, नुसता घाबरवायचा असला तरी नाही. चार नंबरचे बारीक छर्रे दोनशे मीटरपर्यंत सहज जातात, एलजी म्हणजे मोठे छर्रे तर त्याच्या कितीतरी पुढे, आणि ज्वारीची ताटं काही त्यांना अडवत नाहीत. आमच्या शिवारात एकदा एकानं बंदूक उचलली, चाप दाबणार तेवढ्यात खोकल्याचा आवाज आला. त्याचाच चुलतभाऊ होता, पाण्याचा दांड फोडायला आलेला. तो माणूस अजून तो खोकला आठवला की बोलता बोलता गप्प होतो.

लग्नसराईत आणखी एक त्रास, नवरदेवाचा बाप घरी येतो, हात जोडतो, वरातीत दोन बार काढा, आमची इज्जत वाढेल. नाही म्हणायला जड जातं, नातं असतं, शेजार असतो. मी आता सरळ सांगतो की २०१९ च्या दुरुस्तीनंतर असा हौसेचा बार म्हणजे दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, तुमच्या पोराच्या लग्नात मला जेलात घालता का. आणि वर गेलेला छर्रा खाली येतोच, मांडवात लेकरं असतात. आप्पांचं तर एका वाक्यात, "दारू पीसन बंदूकले हात नको लावू," आणि वरातीत कोण किती शुद्धीवर असतं ते आपल्याला माहीतच आहे.

आपण सीमेवर राहतो याचाही लोकांना विसर पडतो. लायसन महाराष्ट्रापुरतं असेल तर शिरपूरहून सेंधव्याला लग्नाला जाताना गाडीत बंदूक ठेवली की बिजासन घाट चढताना तुम्ही कायदा मोडलेला असतो, मग ती डिकीत असो की पिशवीत. इकडे नंदुरबारकडे नवापूरच्या स्टेशनवर तर बाकडं अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये. तेव्हा लायसनवर हद्द काय लिहिलीय ते आज रात्री काढून वाचा. आणि पलीकडून स्वस्तात मिळतो म्हणून गावठी कट्टा दाखवायला कोणी आणला तर त्याला हातसुद्धा लावायचा नाही, दारातूनच परत पाठवायचा. अशा एकेका प्रकरणानं आपल्या सगळ्यांकडे बघायची नजर बदलते.

कागदांचं थोडक्यात. लायसन आता तीन नाही, पाच वर्षांचं असतं, आणि तिथेच घोटाळा होतो, पाच वर्षांत माणूस तारीख विसरतो. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या साठ दिवस आधी गेला पाहिजे. लायसनवर यूआयएन, म्हणजे प्रत्येक लायसनवाल्याचा वेगळा ओळख नंबर, आहे ना ते बघा, नसेल तर ते लायसन धरत नाहीत. एका माणसाला दोनच हत्यारं, पूर्वी तीन चालायची. आणि घरातला लायसनवाला माणूस गेला तर त्याची आठवण म्हणून बंदूक पेटीत ठेवून देऊ नका, आमच्या शेजारच्या गावात एका माउलीनं दोन वर्षं ठेवली होती, रोज हळदीकुंकू लावायची, तिला कोणी सांगितलंच नव्हतं की आता ती बेकायदा झाली. दिवस झाले की बंदूक ठाण्यात नाहीतर परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची, मग वारसानं अर्ज करायचा. वडील हयात असतानाही होतं, त्यांनी सत्तरी गाठली किंवा बंदूक पंचवीस वर्षं त्यांच्याकडे असली तर मुलाच्या नावावर अर्ज करता येतो, धावपळ वाचते.

चावीबद्दल. प्रत्येक जण म्हणतो माझी बंदूक कुलपात आहे. चावी कुठे? देवघरात, गणपतीच्या मागे. आंब्याच्या दिवसांत घर भाच्या-पुतण्यांनी भरलेलं असतं आणि प्रत्येक पोराला गणपतीच्या मागचं माहीत असतं. मी माझ्या मुलाला सहज विचारलं तर त्यानं एका दमात सांगितलं, चावी कुठे, काडतुसं कुठे, सगळं. त्या दिवसापासून बंदूक एका कपाटात, काडतुसं दुसऱ्या खोलीत दुसऱ्या कुलपात, आणि दोन्ही चाव्या माझ्या करगोट्याला. आंघोळीलाही काढत नाही.

आणि आता जे लिहायला मला दोन दिवस लागले ते.

मागच्या एका जूनमध्ये वादळ आलं, केळी उत्पादकाला सांगायला नको, निसवलेली, म्हणजे घड बाहेर पडलेली बाग, महिनाभरात कटाईला आली असती, वीस मिनिटांत आडवी. आमच्याजवळचे बापू, त्यांची सगळी बाग गेली. डोक्यावर सोसायटीचं कर्ज, ठिबकचं कर्ज, पोरीचं लग्न ठरलेलं. आठ-दहा दिवसांनी वहिनी आमच्या घरी आल्या, माझ्या बायकोजवळ बसल्या, साखर मागायला आल्याचं निमित्त होतं, आणि उठता उठता बोलल्या की हे हल्ली जेवत नाहीत, बोलत नाहीत, रात्री ओट्यावर बंदूक घेऊन बसतात. एवढंच बोलल्या आणि पदर तोंडाला लावला.

मी आप्पांना फोन केला. आम्ही दोघं तसेच गेलो, चहा घेतला, बागेचं बोललो, विम्याचं बोललो, आणि मग आप्पांनी सरळ विचारलं, आडून आडून नाही, की बापू, तुझ्या मनात जिवाचं काही बरंवाईट येतं का. मला वाटलं आता हा माणूस चिडेल. तो चिडला नाही. खूप वेळ खाली बघत राहिला आणि मग रडायला लागला, पन्नाशीचा माणूस, लेकरासारखा. लोकांना वाटतं असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात घातल्यासारखं होईल. तसं होत नाही, उलट त्याच्या छातीवरचा दगड हलला, मी डोळ्यांनी बघितलंय.

मी म्हणालो, बंदूक माझ्याकडे दे, तर आप्पांनी मला थांबवलं आणि ते बरोबर होतं, दुसऱ्याची बंदूक आपल्या घरात आपल्या लायसनवर ठेवता येत नाही, चांगल्या मनानं ठेवली तरी गुन्हाच. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं गेलो आणि परवानाधारक विक्रेत्याकडे बंदूक आणि काडतुसं जमा केली, सेफ कस्टडी म्हणतात त्याला, पावती घेतली, ठाण्यात लेखी कळवलं. त्यासाठी कोणाला खरं कारण सांगावं लागलं नाही, घराचं काम काढलंय एवढं पुरलं. त्या रात्रीपुरतं मात्र कपाटाच्या चाव्या वहिनींनी आप्पांना दिल्या होत्या आणि बापूंचा मेहुणा तिथेच झोपायला आला. डॉक्टरकडे नेलं, जळगावला, गोळ्या चालू झाल्या. १४४१६ म्हणून सरकारचा टेलिमानसचा, मनाच्या त्रासात मदत करणारा, नंबर आहे, फुकट लागतो, मराठीत बोलतात, त्यावर बापू स्वतः दोनदा बोलले असं त्यांनीच नंतर सांगितलं. सोसायटीतही आम्ही चार जण बरोबर गेलो.

हे बापूंना विचारून लिहितोय. ते म्हणाले लिही, नाव नको, पण लिही.

आपण एकमेकांना नळीचं विचारतो, लायसनच्या तारखेचं विचारतो, मग हेही विचारायला पाहिजे. ज्याची बाग गेली, ज्याच्या घरात कोणी वारलं, ज्याचं पिणं वाढलंय, ज्याच्या घरात रोज भांडण आहे, त्याच्या ओट्यावर जाऊन बसा. म्हणा, दादा, काही महिने जमा करून टाकू, मी येतो बरोबर, गाडी माझी. हे म्हणताना अपमान केल्यासारखं वाटतं, वाटू द्या. आणि उद्या माझ्यावर तशी वेळ आली तर माझ्याही दारात या, मी आत्ताच सांगून ठेवतो.

बापूंची बंदूक अजून विक्रेत्याकडेच आहे. बाग परत लावलीय, टिश्यूची रोपं, परवा बांधावर भेटले तर कमरेएवढी झाली म्हणून दाखवत होते. मी काही विचारलं नाही, त्यांनीच विषय काढला की लायसन नोव्हेंबरात संपतंय, बंदूक तिथेच राहू दे, पण कागद वेळेत करायचा, वडिलांची आहे. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी आम्ही जायचं ठरवलंय, मी कॅलेंडरवर लाल पेनानं गोल केलाय, आणि आप्पा म्हणाले मलाही घ्या.